पुढच्यास ठेच : अमेरिकेतल्या रेल्वे-टपाल कामगारांची हकिगत

(इटारसी येथे मराठी भाषक रेल्वे, आर.एम.एस. व टपाल कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात एका रेल्वे युनियन सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या वर्गात मला विषय दिला आहे तो ‘अमेरिकेची आजची परिस्थिती’. विषय ऐकून आमच्या घरचे हसले. मी मॅट्रिक झालेला माणूस. अमेरिका मी नकाशात पाहिली तेवढीच. उभी हयात कॅरेज अँड वॅगन खात्यात गाड्या तपासण्यात गेली. तेव्हा मी तुम्हाला डॉलरचा भाव आणि शेअर बाजार समजावून सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या रेल्वे कामगाराबद्दल आणि पोस्टमनबद्दल. कारण घरोघरी मातीच्या चुली असे आपण म्हणतो, आणि दुसऱ्याच्या चुलीत काय जळते आहे ते पाहिले म्हणजे आपल्या चुलीतला धूर लवकर ओळखता येतो.

हा विषय आताच कशाला, असेही कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. मागच्या महिन्यात गेट मीटिंगला एक नवा मुलगा मला म्हणाला, “काका, अमेरिकेत सगळी मालगाडी खाजगी आहे. तिथे रडगाणे नाही. पगार डॉलरमध्ये. मग आपल्याकडेच खाजगीकरणाला विरोध कशासाठी?” मुलगा हुशार आहे, डिप्लोमा केलेला आहे, आणि त्याने प्रश्न प्रामाणिकपणे विचारला. त्याला घोषणा देऊन गप्प बसवणे मला बरोबर वाटले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला दिलेले उत्तर आहे असे समजा.

पहिली गोष्ट म्हणजे तो म्हणतो ते खरे आहे. अमेरिकेत मालवाहतूक करणाऱ्या मोठ्या रेल्वे कंपन्या खाजगी आहेत. रूळ त्यांचे, इंजिने त्यांची, यार्डेही त्यांची. प्रवासी गाड्यांमध्ये नफा उरेना, तेव्हा १९७१ साली लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या ‘ॲमट्रॅक’ या सरकारी महामंडळाच्या गळ्यात घातल्या आणि नफ्याची मालवाहतूक कंपन्यांनी आपल्याकडे ठेवली. म्हणजे मलई एकीकडे आणि ताक दुसरीकडे. हा हिशेब आपल्याला काही नवा नाही.

पगारही आपल्या मानाने चांगले आहेत, हेही मान्य. पण गेल्या काही वर्षांत तिथे एक नवी पद्धत आली. तिला मोठे भारदस्त नाव आहे, ‘प्रिसिजन शेड्यूल्ड रेलरोडिंग’. आपल्या भाषेत तिचा अर्थ एवढाच : गाड्या लांब करा, माणसे कमी करा, यार्डे बंद करा, इंजिने उभी करा आणि वाचलेला पैसा भागधारकांना वाटा. तिथल्या रेल्वे नियामक मंडळाच्या अध्यक्षांनी २०२२ साली स्वतः सांगितले की मोठ्या कंपन्यांनी सहा वर्षांत सुमारे ४५,००० माणसे कमी केली. म्हणजे शंभरातली २९. युनियनवाल्याने सांगितले असते तर कोणी म्हणाले असते, अतिशयोक्ती आहे. हे सांगणारा सरकारने नेमलेला माणूस होता.

आता माणसे कमी केली म्हणजे काय होते, ते एका रात्रीच्या गोष्टीवरून सांगतो.

३ फेब्रुवारी २०२३ ची रात्र. ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन नावाचे एक छोटे गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आत. नॉरफोक सदर्न कंपनीची मालगाडी त्या गावावरून चालली होती. गाडीला सुमारे दीडशे वॅगन, लांबी जवळजवळ पावणेतीन किलोमीटर, वजन १८,००० टन. गाडीवर माणसे तीन : ड्रायव्हर, कंडक्टर आणि शिकाऊ कंडक्टर. एका वॅगनचे बेअरिंग तापत चालले होते. आपण ज्याला हॉट ॲक्सल म्हणतो, तेच. गाडी गावात पोहोचली आणि ३८ वॅगन घसरल्या. त्यांपैकी ११ वॅगनमध्ये धोकादायक माल होता. पाच टँक वॅगन व्हिनाइल क्लोराइडच्या होत्या. प्लॅस्टिकचे पाइप बनवायला ते रसायन लागते, आणि त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेले आहे.

साथींनो, मी तांत्रिक माणूस आहे, म्हणून पुढचा भाग नीट ऐका. तिथे रुळांच्या कडेला तापमान मोजणारी यंत्रे बसवलेली असतात. गाडी पहिल्या यंत्रावरून गेली तेव्हा ते बेअरिंग बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २१ अंश सेल्सिअसने गरम होते. १६ किलोमीटर पुढे, सेलम गावाजवळच्या दुसऱ्या यंत्रावर ५७ अंशांनी गरम. कंपनीच्या नियमाप्रमाणे गाडी थांबवायची मर्यादा याहून बरीच वर होती, म्हणून गाडी चालू राहिली. तिसरे यंत्र होते तिथून ३२ किलोमीटरवर, थेट ईस्ट पॅलेस्टाइनला. तिथे आकडा निघाला १४१ अंश. ड्रायव्हरला इशारा मिळाला, त्याने ब्रेक लावला, पण तोपर्यंत ॲक्सल निकामी होऊन गाडी घसरली होती.

आणि मनाला लागणारी गोष्ट ही, की सेलम गावात रुळाजवळच्या एका कॅमेऱ्याने त्या वॅगनखालचा जाळ टिपला होता. म्हणजे ३२ किलोमीटर आधी आग दिसत होती. कॅमेऱ्याला दिसली. पण बघायला माणूस नव्हता.

आता आपल्याकडे या. स्टेशनवरून गाडी थ्रू जात असते तेव्हा एका बाजूला स्टेशन मास्तर आणि दुसऱ्या बाजूला पॉइंट्समन हिरवा बावटा घेऊन का उभे राहतात? गेटमन गेट सोडून आत का बसत नाही, बाहेर येऊन गाडीकडे तोंड करून का उभा राहतो? प्रवाशांना वाटते, हा इंग्रजांच्या काळचा दंडवत आहे. तो दंडवत नाही, ती गाडीची तपासणी आहे. चाकाखाली ठिणगी दिसली, धूर दिसला, काही लोंबताना दिसले, तर तोच माणूस लाल बावटा दाखवतो आणि पुढच्या स्टेशनला फोन करून गाडी अडवतो. त्या माणसाला पगार द्यावा लागतो, रजा द्यावी लागते, क्वार्टर द्यावे लागते. म्हणून हिशेबनिसाच्या वहीत तो ‘खर्च’ म्हणून दिसतो. त्याने किती गाड्या वाचवल्या, त्याचा कॉलम त्या वहीत नसतो. मी यंत्राच्या विरोधात नाही. यंत्र हवेच. पण ते माणसाच्या जोडीला हवे. माणसाला हटवून त्याच्या जागी यंत्र ठेवले की सेलम होते.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. सांगायला जड जाते. काही वर्षांपूर्वी एका छोट्या यार्डातली तपासणीची चार रिकामी पदे सरेंडर करण्याचा कागद आमच्यापुढे आला. त्याच्या बदल्यात दुसरीकडे काही लोकांना बढती मिळणार होती. मी विचार केला, पदे रिकामीच तर आहेत, कोणाची नोकरी जात नाही, दहा जणांचे भले होते आहे. मी संमती दिली. हार घातले गेले, पेढे वाटले गेले. त्यानंतर त्या यार्डात रात्रपाळीला एकेका माणसाने अख्खी गाडी तपासायची वेळ आली. अपघात झाला नाही, देवाची कृपा. पण ईस्ट पॅलेस्टाइनची हकिगत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. अमेरिकेतही तपासणी कामगारांची तक्रार हीच होती, की एका वॅगनला पूर्वी मिळत होता तेवढा वेळ आता मिळत नाही, सारे मिनिटभरात उरकावे लागते. तेव्हा दोष फक्त भांडवलदाराला देऊन चालणार नाही. रिकामे पद म्हणजे कोणाचीच नोकरी नव्हे, असे आपणच म्हणायला लागलो. कुंपणानेच शेत खाल्ले तर राखणार कोण?

आता त्या गावाचे पुढे काय झाले? तीन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, टाक्यांचा स्फोट होईल अशी भीती दाखवून पाचही टँक वॅगनमधले रसायन मुद्दाम बाहेर सोडून पेटवून देण्यात आले. निर्णयाची जबाबदारी गावच्या अग्निशमन प्रमुखावर टाकली, आणि विचार करायला त्याला मिळाली तेरा मिनिटे. काळ्या धुराचा डोंगर उभा राहिलेले ते चित्र साऱ्या जगाने पाहिले. सुमारे दोन हजार लोकांना घरे सोडावी लागली. ओढ्यांमधले चाळीस हजारांहून अधिक मासे आणि जलचर मेले. जून २०२४ मध्ये अपघात तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने निष्कर्ष दिला की ते जाळणे गरजेचेच नव्हते. स्फोटाचा धोका नाही असे रसायन बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांचे मत होते, पण ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोहोचवलेच गेले नाही. रेल्वे कंपनीने लोकांचा दावा मिटवायला ६० कोटी डॉलर कबूल केले, सरकारला द्यायचे ते वेगळे. चार माणसांचा पगार वाचवायला गेले आणि काय मोजावे लागले, ते पाहा.

पर्यावरण हा शिकल्यासवरल्या लोकांचा विषय आहे असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. मी म्हणतो, मालगाडीत काय भरले आहे, ती कोणी तपासली आणि ती कोणाच्या घरामागून जाते, हा पर्यावरणाचाच प्रश्न आहे. आपल्या वस्त्या रुळाला लागून आहेत. विषारी वायू साहेबांच्या बंगल्यावर आधी जात नाही. भोपाळ इथून दोन तासांवर आहे. १९८४ ची ती रात्र आपल्या स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांनीही भोगली. ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरा मुद्दा, आजारपणाच्या रजेचा. त्या डिप्लोमावाल्या मुलाला मी विचारले, “तुला ताप आला तर तू काय करतोस?” तो म्हणाला, “सिक मेमो घेतो.” मी म्हटले, “अमेरिकेतल्या मालगाडीच्या ड्रायव्हरला २०२२ सालापर्यंत आजारपणाची पगारी रजा हक्काने मिळत नव्हती.” त्याला खोटे वाटले. पण खरे आहे. त्या वर्षी एका मोठ्या कंपनीने हजेरीसाठी गुणांची पद्धत आणली. प्रत्येकाच्या खात्यावर तीस गुण, ड्यूटीला नाही आलात की गुण कापले, गुण संपले की कारवाई. शाळेत मास्तर लावायचे तशी.

तेव्हा तिथल्या बारा संघटना आणि सुमारे १,१५,००० कामगार यांचा करार रखडला होता. सरकारी पंच मंडळाने पाच वर्षांसाठी २४ टक्के वाढ सुचवली. पैशाचा प्रश्न बराचसा सुटला. पण पगारी आजारी रजेचा प्रश्न तसाच राहिला. बारापैकी चार संघटनांच्या सभासदांनी मतदान करून करार फेटाळला. संपाची वेळ आली. आणि मग काय झाले? तिथे १९२६ चा रेल्वे कामगार कायदा आहे, त्याच्या आधारे संसद मध्ये पडू शकते. डिसेंबर २०२२ च्या पहिल्या दोन दिवसांत सिनेटने ८० विरुद्ध १५ मतांनी करार कामगारांवर लादला आणि अध्यक्षांनी त्यावर सही केली. सात दिवसांच्या पगारी आजारी रजेचा वेगळा प्रस्ताव होता. त्याला ५२ मते पडली, विरोधात ४३. बहुमत होते, पण तिथल्या रिवाजाप्रमाणे ६० मते लागतात, म्हणून तो पडला.

सही करणारे अध्यक्ष कोण? जो बायडन. स्वतःला अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत कामगार-मित्र अध्यक्ष म्हणवून घेणारे. मी त्यांना शत्रू म्हणत नाही. पुढे २०२३ साली कंपन्यांवर दबाव आला आणि अनेक संघटनांनी एकेका कंपनीकडून थोडीथोडी पगारी आजारी रजा मिळवली. त्यात त्यांच्या सरकारचीही मदत झाली. पण धडा विसरू नका. संपाच्या दिवशी आपला मित्र कोणत्या बाजूला उभा राहील, ते भाषणावरून कळत नाही.

आता पोस्टातल्या साथींकडे वळतो. आर.एम.एस. मुळे आपले दोघांचे नाते जुने आहे. एकाच गाडीत आपण रात्री काढलेल्या आहेत.

मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कचे पोस्टमन संपावर गेले. तेव्हा त्यांची अवस्था अशी होती की पगाराच्या वरच्या टप्प्यावर पोहोचायला २१ वर्षे लागत. काही पोस्टमन पोट भरण्यासाठी सरकारी मदतीच्या रांगेत उभे राहत. सरकारी नोकराने संप करणे हा तिथे गुन्हा होता, आजही कायद्याने बंदीच आहे. वरचे पुढारी ‘थांबा, बोलणी चालू आहेत’ म्हणत होते. सभासदांनी ऐकले नाही. आठ दिवसांत दोन लाखांहून अधिक टपाल कर्मचारी बाहेर पडले. अध्यक्ष निक्सन यांनी पत्रे वाटायला सैन्य पाठवले. सैनिकांना बंदूक चालवता येत होती, पण पत्रांची सॉर्टिंग करता येईना. ज्याने कधी सॉर्टिंग केली आहे त्याला विचारा, ते काम हातात बसायला किती वर्षे लागतात! शेवटी सरकारला बोलणी करावी लागली. आधी ६ टक्के, मग आणखी ८ टक्के वाढ मिळाली, २१ वर्षांऐवजी आठ वर्षांत वरचा टप्पा मिळाला, आणि पगारावर सामुदायिक सौद्याचा हक्क मिळाला. संप बेकायदेशीर होता, तरी एकाही माणसाला घरी बसवता आले नाही.

याच्या शेजारी दुसरी तारीख ठेवा, ऑगस्ट १९८१. विमानांची वाहतूक नियंत्रित करणारे कर्मचारी संपावर गेले. कायदा तोच, बंदी तीच. अध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११,००० हून अधिक लोकांना कामावरून काढून टाकले. गंमत म्हणजे १९८० च्या निवडणुकीत याच संघटनेने रेगन यांना पाठिंबा दिला होता. फरक कशात होता? १९७० साली पोस्टाचा सॉर्टर, पोस्टमन, ड्रायव्हर सगळे एकत्र होते आणि गल्लीतले लोक त्यांच्या बाजूने होते. १९८१ साली वैमानिक आणि इतर विमान कर्मचारी कामावर जात राहिले. सैन्यातले नियंत्रक आणि अधिकारी बसवून विमाने उडाली. संप मोडला, आणि त्यानंतर खाजगी मालकांनाही हिंमत आली.

आपल्याकडे मे १९७४ चा रेल्वे संप वीस दिवस चालला. मी तेव्हा शाळेतही जात नव्हतो. माझे वडील गँगमन होते आणि संपात होते. आई सांगायची, त्या दिवसांत चाळीत एका घरची चूल पेटली की चार घरची मुले जेवायची. शेजारचा पोस्टमन रोज आमच्या घरी डोकावून जायचा. त्याला एकी म्हणतात. फेडरेशनच्या लेटरहेडवर एकी असते ती वेगळी.

तर अमेरिकेच्या पोस्टाचे पुढे काय झाले? तिथले टपाल खाते कामकाजासाठी करदात्यांच्या पैशावर चालत नाही, तिकिटांच्या कमाईवर चालते. २००६ साली संसदेने कायदा केला, की निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य खर्चाची तरतूद अनेक वर्षे आधीच करून ठेवा, वर्षाला सुमारे साडेपाच अब्ज डॉलर. दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्यावर असे ओझे नव्हते. साहजिकच वहीत तोटा दिसू लागला. मग तोच तोटा दाखवून बोंब सुरू झाली, की टपाल खाते बुडाले, विकून टाका. एप्रिल २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून ती अट रद्द केली, पण मधल्या सोळा वर्षांत बदनामी झाली ती झालीच. आधी लंगडा करायचा आणि मग म्हणायचे, बघा, याला पळता येत नाही. पत्रे कमी झाली हे खरे आहे. तिथली साधी टपाल २००१ च्या मानाने निम्म्याहूनही कमी झाली. पण डोंगरावरच्या शेवटच्या घरी औषधाचे पार्सल एकाच दराने कोण पोहोचवतो? तो पोस्टमनच. आपल्याकडे २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवून टाकली. त्या दिवशी काउंटरवर लोकांनी काय विचारले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

उन्हाचाही विषय आहे. तिथल्या टपालाच्या हजारो गाड्या १९८७ ते १९९४ या काळात बनलेल्या, एअर कंडिशनर नसलेल्या. आत भट्टी होते. जून २०२३ मध्ये टेक्सासच्या डॅलस शहरात कडक उन्हाच्या लाटेत टपाल वाटताना एक पोस्टमन कोसळला आणि गेला. जगातला सर्वांत श्रीमंत देश, पण ऊन त्याच्याही पोस्टमनच्याच डोक्यावर. २०२२ साली त्यांच्या संसदेने टपालाच्या विजेवरच्या गाड्यांसाठी तीन अब्ज डॉलर मंजूर केले. मग २० जानेवारी २०२५ ला नवे सरकार आले आणि पहिल्याच दिवशी पॅरिस हवामान करारातून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही झाली. नागपूर-भुसावळच्या मे महिन्यात ज्याने बीट केली आहे, किंवा ट्रॅकवर चावी घेऊन जो चालला आहे, त्याला हवामानाचा करार म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

२०२५ सालात तिथे आणखी बरेच काही घडले. मार्चमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन अनेक सरकारी खात्यांतल्या संघटनांचा सामुदायिक सौद्याचा हक्कच काढून घेण्याचा आदेश काढला. टपाल खाते विकण्याच्या चर्चेविरुद्ध पोस्टमन शहराशहरांत रस्त्यावर उतरले. १ ऑक्टोबरपासून अंदाजपत्रकाच्या भांडणात सरकार ४३ दिवस बंद राहिले. विमान नियंत्रक मात्र त्या दिवसांत पगाराविना ड्यूटी करत होते. १९८१ ची आठवण ठेवून वाचा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल. ज्यांचा संपाचा हक्क काढला, त्यांच्याकडून फुकट काम करून घेता येते.

आणि मजुरी? तिथला केंद्रीय किमान वेतनाचा दर जुलै २००९ मध्ये तासाला सव्वासात डॉलर ठरला. पुढची सोळा वर्षे त्यात एका सेंटचीही भर पडली नाही. काही राज्यांनी आपापला दर वाढवला, तेवढेच. १९५० च्या दशकात तिथे तीन कामगारांमागे एक संघटित होता. १९८३ साली शंभरात वीस उरले, २०२४ साली शंभरात दहासुद्धा भरले नाहीत. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा, मला काही बोलायची गरज नाही.

पण साथींनो, फक्त वाईट सांगून मी थांबणार नाही. जे चांगले आहे ते शिकले पाहिजे. ईस्ट पॅलेस्टाइनच्या अपघाताची जाहीर सुनावणी त्या गावातच झाली. कंपनीच्या अधिकाऱ्यांना लोकांसमोर प्रश्न विचारले गेले, कामगार प्रतिनिधींनीही साक्ष दिली. आणि वर्षभराने निष्कर्षही त्याच गावात येऊन जाहीर केले. आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवले आहेत, ते रेल्वेपासून स्वतंत्र राहावेत म्हणून. व्यवस्था चांगली आहे. पण चौकशीचा अहवाल गँगमनच्या हातात कितीदा पडतो? तो मागणे हे आपले काम आहे. तिथे एप्रिल २०२४ मध्ये गाडीवर किमान दोन माणसे असलीच पाहिजेत असा नियम आला, तो कामगारांच्या कित्येक वर्षांच्या मागणीमुळे आला. मात्र रेल्वे सुरक्षेचे मोठे विधेयक, जे ओहायोच्या दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी मिळून मार्च २०२३ मध्ये मांडले होते, ते मंजूर न होताच त्या संसदेची मुदत संपली. त्या दोघांपैकी एक, जे. डी. व्हान्स, जानेवारी २०२५ मध्ये उपाध्यक्ष झाले. गावाच्या नावाने मते मिळाली, कायदा राहून गेला. आणि जुलै २०२५ मध्ये तीच नॉरफोक सदर्न कंपनी युनियन पॅसिफिक या आणखी मोठ्या कंपनीत विलीन करण्याचा सौदा जाहीर झाला.

आता आपले काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे नोटीस दिल्यावर चौदा दिवस संप करता येत नाही, आणि समेटाची बोलणी चालू असतानाही नाही. पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. समेटाच्या नावाखाली संप लांबवत नेण्याची ही युक्ती अमेरिकेत १९२६ पासून चालू आहे. २०२२ साली तिचा शेवट कसा झाला ते आताच सांगितले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण मागच्याने डोळे उघडे ठेवून चालले तरच.

म्हणून मी तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली : रिकामे पद हे आपल्या मुलांचे पद आहे असे समजा. बढतीच्या पेढ्यासाठी पद सरेंडर करण्याच्या कागदावर सही करायची नाही. ही शपथ मी आज तुमच्यासमोर घेतो, कारण ती मोडणारा मीच होतो. दुसरी : सुरक्षेची प्रत्येक उणीव लेखी द्या, तारीख टाकून, पोचपावती घेऊन. तोंडी सांगितलेले अपघातानंतर कोणालाही आठवत नाही. तिसरी : रेल्वेवाल्याने पोस्टाच्या सभेला आणि पोस्टवाल्याने रेल्वेच्या सभेला जायचे. आणि दोघांनी मिळून प्रवाशाला, गिऱ्हाइकाला, खेड्यातल्या म्हाताऱ्या आजीला समजावून सांगायचे की आमची भाकरी आणि तुमची सुरक्षा एकाच ताटात आहे. १९७० आणि १९८१ मधला फरक एवढाच आहे.

भाषण तयार करून मी ते आधी त्या डिप्लोमावाल्या मुलाला वाचून दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, सेलमला जाळ दिसला तेव्हा तिथे आपला पॉइंट्समन असता तर?”

तो आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. पुढच्या महिन्यापासून शाखेचे सुरक्षा रजिस्टर तो सांभाळणार आहे. उत्तर त्याला मिळाले आहे, आता काम करायचे आहे.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!